बसवनगर फेरीचे प्रवासी बसच्या मागे होते, त्यांच्या फेरमोजणीबाबत

दि. ८ जानेवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
दुधनानगर शहर बससेवा,
दुधनानगर, जि. परभणी.

विषय : बसवनगरची सकाळची फेरी बंद न करणे व प्रवासी पुन्हा मोजणेबाबत.
संदर्भ : थांब्यावर चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

सदर नोटिशीत आमच्या फेरीला ‘प्रवासी निरंक’ असे म्हटले असून, निधीअभावी रिकामी गाडी परवडत नाही, असे कारण दिले आहे. कारण रास्त आहे. फक्त गाडी रिकामी नव्हती. आम्ही सगळे तिच्या मागे होतो.

१) या गाडीचा सेल्फ मागच्या पोळ्याला गेला. नव्या सेल्फचा प्रस्ताव निधीअभावी प्रलंबित आहे, हे आम्हास मान्य आहे. त्यातच डिझेल वाचवण्यासाठी थांब्यावर इंजिन बंद ठेवण्याचा आपला आदेश आला. चालक बन्सीधरभाऊ आदेश मोडत नाहीत. त्यामुळे रोज सकाळी गाडी येते, बंद होते आणि आम्ही प्रवासी ती ढकलून सुरू करतो. बायका डावीकडून, पुरुष उजवीकडून, अशी रीत पडली आहे. आपल्या सेवेत महिलांना तिकीट अर्धे असले तरी ढकलणे पूर्ण आहे; त्याबद्दल आमची तक्रार नाही.

२) वाहक लिंबाजीमामा गाडी सुरू झाल्याखेरीज तिकीट फाडत नाहीत. पूर्वी आधीच फाडत. एकदा गाडी सुरूच झाली नाही आणि सर्वांनी पैसे परत मागितले, तेव्हापासून हा नियम आहे.

३) तपासणीस दिनकरराव साहेब जीपने आले, तेव्हा आम्ही नेमके ढकलत होतो. साहेबांनी पुढच्या दाराने चढून रिकाम्या सीटा पाहिल्या. फाडलेले तिकीट एकही आढळले नाही. मागे कोण आहे, असे विचारल्यावर लिंबाजीमामा म्हणाले, “प्रवासीच हायेत साहेब, ढकलायलेत.” त्यावर, प्रवासी बसलेला असतो, असे साहेबांनी सांगितले व शेरा लिहिला. मग त्यांची जीप सुरू होईना. तीही आम्हीच ढकलली. तिच्याही सेल्फचा प्रस्ताव प्रलंबित असल्याचे तेव्हा समजले.

४) मी शहरातील एका जिनिंगमध्ये काट्यावर कापसाच्या पावत्या करते. नोकरीला लागताना सासूबाई चन्नबसम्मा यांनी अट घातली होती, “बस दारातून जायलीय तवर जा. बस बंद, नोकरी बंद.” हे काम मला फार आवडते. अशी गोष्ट अर्जात लिहितात की नाही, ठाऊक नाही, पण खरी आहे.

सबब विनंती की, मोजणी गाडी सुरू झाल्यावर पुढच्या थांब्यावर करावी. ते शक्य नसल्यास साहेबांनी गाडीच्या मागे उभे राहून मोजावे व जीप उताराला लावावी. तोवर फेरी चालू ठेवावी. सेल्फची आम्हास घाई नाही.

आपल्या गाडीची रोजची प्रवासी,
सौ. त्रिवेणी शंभुराज हालगे
बसवनगर

सोबत :
१) प्रवाशांच्या सह्या.
२) गाडीचा फोटो, मागून काढलेला (पुढून आम्ही दिसत नाही). डावीकडे पदर खोचून सर्वांत जोर लावणाऱ्या माझ्या सासूबाई आहेत. नोटीस लागल्यापासून त्या रोज येतात व गाडी सुरू झाली की घरी परततात. त्या प्रवासी नाहीत, सबब त्यांना मोजू नये.