व्हॅनमधला परीक्षक

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
ही वही फक्त माझ्यासाठी. डॉ. पालुम्बो भूलतज्ज्ञांच्या बोर्डाच्या परीक्षेला बसताहेत आणि तयारी माझ्याकडे आली आहे. पुढे कुणी विचारलं तर नोंद असावी.

लेखी परीक्षा त्या गेल्या वर्षीच पास झाल्या. उरली तोंडी. १० मे, शिकागो, एका हॉटेलात. दोन परीक्षक समोर बसतात, एक काल्पनिक रुग्ण देतात आणि तो बिघडवत नेतात. आपण तो सांभाळायचा, नुसतं बोलून. पास झालं की दंतभूलतज्ज्ञ म्हणून बोर्डाचा शिक्का. शिक्का मिळाला तर आमच्याकडच्या शहरातलं मुलांचं रुग्णालय डॉक्टरांना कायमचं घेणार. नाही मिळाला तर ती जागा दुसऱ्याची.

सध्या आम्ही रोज वेगळ्या गावी, वेगळ्या डेंटिस्टकडे. सगळं सामान व्हॅनमध्ये. डॉक्टर भूल देतात, डेंटिस्ट दाढा काढतो, मी सिलिंडर उचलतो. सहा वर्षं हे चाललंय. डॉक्टरांची कंबर गेली आहे. रुग्णालयात त्या मलाही सोबत नेतील. तसं बोलणं झालेलं नाही, पण समजण्यासारखं आहे.

६ मार्च, गुरुवार. दुपारी
पहिला सराव. जेवणाच्या सुट्टीत, व्हॅनमध्येच. डॉक्टर पुढच्या सीटवर, मागे वळून. मी मागे, ऑक्सिजनच्या रॅकला लागून घडीच्या सीटवर. ११२ प्रश्न मी स्वतः टाइप केलेत. एकाही औषधाचं स्पेलिंग चुकलेलं नाही. कॉलेज मी दुसऱ्या सत्रात सोडलं ते गणितामुळे, स्पेलिंगमुळे नव्हे.

परीक्षकाच्या चेहऱ्यावर काहीही दिसता कामा नये, असा नियम आहे. काल बाथरूमच्या आरशासमोर वीस मिनिटं दगडासारखा चेहरा केला. आईनं दारावर टकटक करून विचारलं, "डॅरेन, दात दुखतोय का रे?"

प्रश्न १. पाच वर्षांचा मुलगा, भूल दिलेली, श्वास अडकला, ऑक्सिजन उतरतोय. डॉक्टर म्हणाल्या, दम्यासारखं आहे, फवारा देईन. चूक. मी एक शब्द बोललो नाही. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "नाही नाही. स्वरयंत्र आवळलंय. जबडा पुढे, मास्क घट्ट, शुद्ध ऑक्सिजन दाबून." बरोबर.

स्वतःच ओळखलं, स्वतःच सुधारलं. परीक्षक शांत असला की विद्यार्थ्याची बुद्धी कशी चालते ते आज कळलं.

किरकोळ: रॅकमधले सिलिंडर खणखणतात. इंजिन बंद असूनही. पट्टा घट्ट केला.

१४ मार्च, शुक्रवार
आई चर्चच्या तळघरात, उपवासाच्या शुक्रवारच्या सामुदायिक जेवणासाठी, मासे तळायला होती. मी तिथंच जेवलो. माझ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी आपापली कॉफी उचलून हातात धरली. आई म्हणाली, "याचा पाय लहानपणापासून असाच आहे, तुम्ही पलीकडे बसा." असा म्हणजे कसा, ते सांगितलं नाही. ती मला अजून लहान समजते.

आज ४४ पैकी ४१ बरोबर. त्यांतली १९ उत्तरं आधी चुकली आणि डॉक्टरांनी वाटेतच सुधारली. आलेख काढला. रेघ वर जाते.

२६ मार्च, बुधवार
पट्टे बदलले. तरी आवाज. आज लक्ष ठेवलं. डॉक्टर चुकतात तेव्हाच सिलिंडर वाजतात, बरोबर असल्या की थांबतात. बहुधा चुकताना त्या जागेवर हलत असाव्यात. सांगितलं नाही. उगाच मनावर घेतील.

८ एप्रिल, मंगळवार
मला न विचारता डॉक्टरांनी काल त्यांच्या जुन्या गुरूंबरोबर, डॉ. ग्रिम यांच्याबरोबर, फोनवर सराव केला. दहापैकी चार. ग्रिम म्हणाले म्हणे, "रोझलिन, इतक्या खात्रीनं चुकणारं माणूस मी आजवर पाहिलं नाही. जरा तरी अडखळ."

मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं, की ग्रिम यांचं वय झालं आहे आणि फोनवर चेहरा दिसत नाही. माझ्याकडे ४४ पैकी ४१, त्यांच्याकडे दहापैकी चार. आकडे बोलतात. डॉक्टर दही खात विचार करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "खरं आहे. तुझ्यासमोर मला कळतं." ग्रिम बंद.

संध्याकाळी जरा वाईट वाटलं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

२९ एप्रिल, मंगळवार
११२ पैकी ११०. डॉक्टर आता माझ्याकडे पाहतसुद्धा नाहीत. डोळे मिटून बोलतात, मध्येच कान देतात, वळतात, आणि बरोबर उत्तराशी येऊन थांबतात. बघत राहावं असं.

त्या म्हणाल्या, "डॅरेन, तू नसतास तर माझं काय झालं असतं?" चेहरा दगड.

रुग्णालयाला माझ्या नोकरीसाठी पत्र लिहिलं. तीनदा तपासलं. आई म्हणाली, "तुला बोलावलंय का पण त्यांनी?" हा पुढचा भाग.

९ मे, शुक्रवार. शिकागो, हॉटेल
आठ तास गाडी चालवली. विमान नको, वाटेत सराव होईल, असं मीच सुचवलं होतं. प्रश्न पाठ असल्यामुळे गाडी चालवता चालवता विचारले. ओहायोत रस्त्याचं काम चालू होतं, मागे सगळी व्हॅन खडखडत होती. डॉक्टर पहिलं उत्तर बरोबर द्यायच्या आणि मग बदलायच्या. पुन्हा बदलायच्या. नऊपैकी तीन. "आज सगळंच चुकतंय असं का वाटतंय मला?" असं त्या दोनदा म्हणाल्या.

इंडियानात मी सराव थांबवला. प्रवासाचा शीण. उद्या खोलीत शांतता असेल, सगळं जागेवर येईल.

१० मे, शनिवार. सकाळी ९.२५, लॉबी
डॉक्टर वर गेल्या. निळा कोट. लिफ्टचं दार मिटेपर्यंत मी पाहिलं. आता माझ्या हातात काही नाही. शेजारच्या बाईंनी आपली बॅग टेबलावरून उचलून मांडीवर घेतली. या शहरात कुणाचा कुणावर विश्वास नाही.

१०.५०
आल्या. चेहरा फुललेला. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "डॅरेन, एकदाही अडखळले नाही मी. एकही उत्तर बदलावंसं वाटलं नाही. इतकं शांत होतं तिथं."

परीक्षक नुसते "बरं, पुढे?" म्हणत होते म्हणे. म्हणजे माझीच पद्धत.

दुपारी दोघांनी पिझ्झा खाल्ला. डॉक्टरांनी मला रुग्णालयाच्या इमारतीचा फोटो दाखवला. आठव्या मजल्यावर मुलांसाठी माशांची टाकी आहे. सामान उचलायला तिथं वेगळी माणसं असतात, हेही आनंदानं सांगितलं. मी मान हलवली. घरी पोचल्यावर यावर विचार करायचा आहे.

१२ जून, गुरुवार
निकाल आला. नापास.

डॉक्टरांनी ईमेल पार्किंगमध्ये उभं राहून वाचलं, मग मला दिलं. दोन ओळी ठळक होत्या. उमेदवार चुकीच्या निदानावर ठाम राहतात. उपचार लागू पडत नसतानाही फेरविचार करत नाहीत.

मी म्हणालो, खोटं आहे, मी स्वतः पाहिलंय, तुम्ही सारखा फेरविचार करता. बोर्डाकडे दाद मागू, माझ्याकडे आलेख आहेत. डॉक्टर म्हणाल्या, "गाडीत चल. पहिलं कार्ड काढ."

पाच वर्षांचा मुलगा, श्वास अडकला. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "फवारा देईन." सिलिंडर वाजायला लागले. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. एक हात रॅकवर ठेवला, आणि माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं.

पाय हलत होता. मी हलवत नव्हतो, तो हलत होता. रॅकला लागून.

"जबडा पुढे, शुद्ध ऑक्सिजन," त्या हळूच म्हणाल्या. पाय थांबला.

मग त्यांनी रॅकवरचा हात काढून घेतला. म्हणाल्या, "दोन महिने मी सिलिंडरला विचारून उत्तरं दिली." आणि हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, रुग्णालय थांबेल का पुढच्या वर्षापर्यंत? म्हणाल्या, "नाही रे. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला." मग डेंटिस्टची मदतनीस बोलवायला आली आणि आम्ही सामान उतरवायला लागलो. रॅकचं एक टोक त्यांनी उचललं, कमरेवर हात ठेवून.

१७ जून, मंगळवार. दुपारी ४
पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहेत. सराव डॉ. ग्रिम यांच्याबरोबर. फोन चालू असताना मी व्हॅनबाहेर उभं राहायचं, असं ठरलं. मीच म्हणालो, हवेशीर असतं बाहेर. आलेख फाडले नाहीत, खणात ठेवलेत.

उद्याच्या रुग्णांच्या घरी आदल्या दिवशी फोन करायचं काम माझं. आज एकच घर. चार वर्षांची मुलगी, सहा दाढा. तिची आई घाबरलेली होती. विचारलं, "तुमच्या डॉक्टरांना बोर्डाचा शिक्का आहे ना?"

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "पण तुम्ही असता ना त्यांच्या जवळ? पूर्ण वेळ?"

"असतो."

"मग ठीक आहे. तुमचा आवाज फार शांत आहे हो. बरं वाटलं मला." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी दहा मिनिटं नुसता बसून होतो. मग आठवलं. उद्या सकाळी भुलीआधी पोरीला काही खायला द्यायचं नाही, हे सांगायचं राहिलं. फोन त्याच्यासाठीच असतो.

परत लावतोय. लाइन बिझी आहे.