कागद कमी आहे

मी, मल्हारी ग्यानोबा पोले, वय सत्तर, राहणार कळमनुरी, जिल्हा हिंगोली, सोबती पतसंस्थेचा निवृत्त तारणकर्ज अधिकारी, राजीखुशीने लिहून ठेवतो की, माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. आता दाबायला उरलंय तरी कोण?

१. राहतं घर पत्नी सौ. भागाबाई हिला, पूर्ण मालकीने. घरावर कोणताही बोजा नाही. चिरंजीव अंगद याने आईच्या हयातीत "विकून फ्लॅट घेऊ" हा विषय काढू नये. जन्मभर लोकांची घरं गहाण ठेवून घेतली, स्वतःच्या घराचा भाव ऐकायची ताकद आता माझ्यात नाही.

२. पतसंस्थेतली ठेव भागाबाईची. पुसेगाव शिवारातली माझ्या वाट्याची जमीन अंगदची. बाबा, बांधावरच्या बाभळीवरून चुलत्याशी भांडू नकोस. त्यांना घेऊ दे.

३. घरं मोजायची माझी टेप पतसंस्थेला. नवी पोरं मोबाईलवर फोटो मागवून कर्ज मंजूर करून राहिली. करा, पण एकदा त्या घरी जात जा. मी प्रत्येक घरी जायचो. मोजमाप झालं की पाणी मागायचो आणि ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून प्यायचो. "साहेब, तुमच्या ऑफिसात माठ न्हाई का?" म्हणून पुरुषमंडळी हसायची. हसू देत. ते पाणी चुकवू नका. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

४. कर्ज नाकारताना मी "कागद कमी आहे" म्हणायचो. कोणता, ते कधी सांगितलं नाही. त्यावरून तालुक्यात माझं नावच 'कागदकमी' पडलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा "कागदकमीला बुंदी वाढा रे!" शिव्याही पुष्कळ खाल्ल्या. त्या ज्याच्या त्याला परत.

५. थोरले बंधू सुदाम यांना पुसेगावचं त्यांचं घर गहाण ठेवून हार्वेस्टर घ्यायचं होतं. त्यांनाही मी कागद कमी आहे म्हणालो. "सख्ख्या भावाला कागद सांगून राहिला व्हय रे? तुह्या घरचं पाणी पिणार न्हाई, तुह्या मयतीलाबी येणार न्हाई!" असं ते भर बाजारात बोलले. आजवर शब्दाला जागले आहेत. ते हार्वेस्टर दुसऱ्याने घेतलं आणि त्याचं बरं चाललं. म्हणजे दादाचा राग खोटा नाही, हेही इथे लिहितो. पण कागद कमी होता, हेच माझं म्हणणं, मेल्यावरसुद्धा.
दादा, थकलो आता. तुमची लई आठवण येते. माझ्या मयतीला या आणि भागाबाईच्या हातचं घोटभर पाणी पिऊन जा. दुसरं काही मागत नाही.

६. तेराव्याला पंगत घालायची तर घाला, कर्ज काढून नको. कागद कमी पडेल.

७. साक्षीसाठी वहिनी सौ. भिकाबाई, म्हणजे सुदामदादांची पत्नी, आपणहून आल्या. दादांना सांगून आलेल्या नाहीत. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून त्यांच्या नावे काही ठेवलेलं नाही. एरवी त्यांचा हक्क होता.

वरील सगळा मजकूर दोन्ही साक्षीदारांना मी स्वतः वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : कळमनुरी
तारीख : २१ नोव्हेंबर २०२४
(सही) मल्हारी ग्यानोबा पोले

साक्षीदार
१. (सही) सोमेश्वर रामजी देवकर, पतसंस्थेचे निवृत्त कारकून
२. (सही) सौ. भिकाबाई सुदाम पोले, राहणार पुसेगाव

मला बी इथं लिवायचं हाये. कागद समदे बराबर होते. भाऊजी पाणी प्यायला चुलीपाशी आले आन् हळूच पुसलं, "वहिनी, घर गहाण घेऊ का?" मी नको म्हणले. ह्यांनी मला काय बोलायचं ते बोलावं. पण मयतीची वाट कशाला बघायची? आत्ताच यावं.