किल्ली तिथेच होती

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. नोरीन, तू हे वाचत असशील तर इथेच थांब.

कारण मोठं आहे. शाळेची बस चालवणारा कॉन शीडी गुडघ्यांना कंटाळून ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर निवृत्त होतोय. नॉकरोच्या डोंगराकडचा रूट, नऊ थांबे, अकरा मुलं. नवा ड्रायव्हर मिळाला नाही तर बस कंपनी रूटच बंद करणार. पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, कारखाना बंद पडल्यापासून मी दोन वर्षं घरी आहे. मोठ्या गाड्यांचा परवाना आहे, वेळ आहे, पोरांना गप्प बसवणारा आवाज आहे. माझ्याशिवाय आहे कोण?

बायकोला, म्हणजे नोरीनला, सांगितलं. ती वृद्धाश्रमातल्या ड्यूटीवरून नुकतीच आली होती. तिने एक बूट काढला आणि विचारलं, पोलिसांच्या फॉर्मचं काय? मी म्हणालो, तो नुसता उपचार असतो. तिने दुसरा बूट काढला.

तोच दिवस, संध्याकाळी ६.१०
फॉर्मचं एकदाच लिहून टाकतो. मुलांबरोबरचं काम असलं की पोलीस जुन्या शिक्षा तपासतात. माझ्या दोन आहेत. एकोणिसाव्या वर्षी डान्सवरून पायी येत होतो, जेर कॉस्टिगनच्या अंगणात ट्रॅक्टर उभा, किल्ली लावलेली. पाऊस होता. घेऊन आलो. सकाळी परत देणारच होतो, पण सार्जंट माझ्याआधी उठला. दुसऱ्यांदा एकविसाव्या वर्षी. तोच ट्रॅक्टर. दुसऱ्या वेळी तर माझी चूक म्हणताच येणार नाही, किल्ली पुन्हा तिथेच होती. तळ्यात गेला तो ब्रेकमुळे.

कायदा असा की जुनी शिक्षा एकच असेल तर काही वर्षांनी पुसली जाते, कुणाला सांगावी लागत नाही. दोन असतील तर जन्माला चिकटल्या. ट्रॅक्टर एकच होता हे कायदा बघत नाही. म्हणून तो बदलायचं विधेयक डब्लिनला संसदेत पडून आहे. चार वर्षं झाली. म्हणजे आता होतच आलं असणार.

गावात यातलं कुणाला काही माहीत नाही. सार्जंट वारला, न्यायाधीश वारले. राहिले नोरीन आणि जेर. जेर चौऱ्याऐंशीचा झाला, पण गुपित पोटात ठेवणारा.

५ सप्टेंबर, गुरुवार
जेरकडे अंडी आणायला गेलो. तो ट्रॅक्टरवरून उतरला, किल्ली काढली, खिशात टाकली, मग हात मिळवला. हे मी बऱ्याच दिवसांपासून बघतोय. कुणाच्याही अंगणात गेलो की माणसं आधी किल्ली काढून खिशात घालतात. पूर्वी आमच्याकडे किल्ल्या गाडीलाच असायच्या. चोऱ्या वाढल्यात. गाव शिस्तीला लागलंय हे चांगलंच झालं.

संकल्प: बिस्किटं बंद. ड्रायव्हरचं पोट स्टिअरिंगला लागू नये.

१४ सप्टेंबर, शनिवार
खासदार हेनेगन दर दुसऱ्या शनिवारी पबच्या मागच्या खोलीत लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. माझ्या आधी एक बाई गटारासाठी अर्धा तास बसली. मी हुशारीने म्हणालो, माझा एक मित्र आहे, त्याच्या दोन जुन्या शिक्षा आहेत. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, विधेयक आमच्या अग्रक्रमावर आहे, ऑक्टोबर संपायच्या आत पास करतो, मित्राला सांग निश्चिंत राहा. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, काय मालाकी, ट्रॅक्टर काय म्हणतोय?

माझ्याकडे ट्रॅक्टर नाही. शेतकऱ्यांचा मतदारसंघ आहे, सगळ्यांना तेच विचारत असतील.

येताना बिस्किटांचा पुडा घेतला. आनंदाच्या दिवशी संकल्प लागू नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार
पिवळं चमकतं जॅकेट घेतलं. नोरीन म्हणाली, आधी फॉर्म भर, मग जॅकेट घे. तिला तयारी म्हणजे काय ते कळत नाही.

सकाळी ७.५० ला आपल्या व्हॅनमधून पूर्ण रूटची तालीम केली. नऊही थांब्यांवर थांबलो, प्रत्येक ठिकाणी खिडकी खाली करून मोकळ्या रस्त्याला गुड मॉर्निंग म्हणालो. घराघरांतून बायका खिडकीत आल्या. उत्साह दिसतो. एकतीस मिनिटं लागली. कॉनला चाळीस लागतात. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, मला थांब्यावर मुलं घ्यावी लागतात रे बाबा.

रोज जायचं ठरवलं.

२५ सप्टेंबर, बुधवार
विधेयकाला लोकमताचा रेटा हवा. म्हणून सकाळी जिल्ह्याच्या रेडिओवर फोन केला. नाव सांगितलं कॉर्मक, आवाज जरा घोगरा काढला. म्हणालो, मी असा एक माणूस आहे ज्याने तरुणपणी एक वाहन, कुठलं ते सांगत नाही, दोनदा वापरलं. तेहतीस वर्षं एक सिग्नलसुद्धा मोडला नाही. अजून किती वर्षं मी एकवीसच वर्षांचा राहू? हे शेवटचं वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. मग निवेदिका हळू आवाजात म्हणाली, थँक यू मालाकी.

म्हणजे कॉर्मक. घाईत चुकली असेल.

दुपारी दुकानात पाव घेताना गल्ल्यावरच्या हॅकेटबाई म्हणाल्या, छान बोललास रेडिओवर. मी म्हणालो, तो मी नव्हेच. त्या म्हणाल्या, बरं, मग त्याला सांग छान बोलला म्हणून. आणि दारातल्या आपल्या गाडीकडे गेल्या, किल्ली काढून घेऊन आल्या.

या जिल्ह्यात माझ्यासारखा आवाज पुष्कळांचा आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार
शाळेच्या मुख्याध्यापिका फिडेल्मा लेसी स्वतः फॉर्म घेऊन घरी आल्या. मुदत पंचवीस तारखेपर्यंत. म्हणाल्या, मालाकी, आम्हाला तूच हवा आहेस. मला भरून आलं. दोन वर्षांत मी कुणालाच हवा नव्हतो.

चौथ्या पानावर तो प्रश्न आहे. यापूर्वी कधी शिक्षा झाली आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. पाऊण तास पेन धरून बसलो. नोरीन म्हणाली, भरायचा तर खरा भर. मी म्हणालो, विधेयक पास झालं की नाही हेच खरं उत्तर होईल, तोवर थांबण्यात शहाणपण आहे. फॉर्म घड्याळामागे ठेवला. नोरीन घड्याळाकडे बघत राहिली. मला वाटतं तिला वेळ बघायची होती.

१० ऑक्टोबर, गुरुवार
आज विधेयक समितीपुढे येणार. दहापासून टीव्हीसमोर, जॅकेट घालून. गाईंच्या आजारावर दोन तास चर्चा झाली. मग एका पुलावर. विधेयक पुढच्या आठवड्यात.

बिस्किटं: एक पुडा. परिस्थिती विशेष होती.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
पुढच्या आठवड्यात.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये बसच्या प्रश्नावर सभा. चाळीसेक माणसं. फिडेल्मा म्हणाल्या, ड्रायव्हर मिळाला नाही तर डोंगरावरच्या अकरा मुलांचं काय करायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्यात काय संचारलं कोण जाणे, मी उभा राहिलो. विधेयकाची वाट बघून थकलो होतो हे खरं कारण. म्हणालो, तुम्हा सगळ्यांपासून एक गोष्ट मी तेहतीस वर्षं लपवली. ऐकल्यावर तुम्ही माझं तोंड बघणार नाही. मी, मालाकी टूही, चोर आहे.

कुणी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

जेर मागच्या खुर्चीवरून म्हणाला, पहिल्या वेळचं सांगतोयस की दुसऱ्या? दुसऱ्या वेळी तू गिअर चुकीचा टाकलास, माझ्या ब्रेकना नावं ठेवू नकोस. हॉल हसून लोळला. हॅकेटबाई म्हणाल्या, अरे, माझ्या नातवंडांनाही माहीत आहे, बस खाली, केक खा. फिडेल्मा म्हणाल्या, मालाकी, आम्ही सगळं माहीत असूनच तुला विचारलंय ना.

बसलो. केक खाल्ला. राग आला होता. एवढं जपलेलं गुपित, आणि कुणाला धक्कासुद्धा बसू नये?

बाहेर पडताना जेरला गाठून विचारलं, मग त्या किल्ल्या? तो बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, राग नाहीये रे कुणाचा. तू दिसलास की हात आपोआप जातो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
फॉर्म भरला. हो. दोनदा. वर्षं लिहिली.

पण आता मी निश्चिंत आहे, कारण सोबत गावाचं पत्र जोडलंय. एकशेबारा सह्या, पहिली सही जेर कॉस्टिगनची. खाली त्याने स्वतः लिहिलंय, ट्रॅक्टर माझा होता, माझी तक्रार नाही, हा माणूस चांगला आहे. ज्याचं चोरलं तोच असं म्हणतो म्हटल्यावर कंपनी काय बोलणार? उत्तर येईपर्यंत कॉन नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गाडी ओढायला तयार झालाय.

तालमीची वेळ आता अठ्ठावीस मिनिटं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
संसद विसर्जित. निवडणूक. रेडिओवरच्या माणसाने सांगितलं, अर्धवट राहिलेली विधेयकं आपोआप बाद. त्याने यादी वाचली. आपलं सातवं होतं, वाचताना तो खोकला.

हेनेगन यांच्या कार्यालयात फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, साहेब प्रचारात आहेत, पण निवडून आले की पहिलं काम हेच. म्हणजे बाद याचा अर्थ एका परीने नवी सुरुवातच. हे नोरीनला समजावलं. तिने मला बिस्किटांचा पुडा काढून दिला. स्वतःहून. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
पत्र आलं. सहा ओळी. प्राप्त माहितीच्या आधारे आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही. सोबत गावाचं पत्र परत, घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे कुणी उघडलंच नाही.

कंपनीच्या माणसाला फोन केला. तो वाईट नव्हता. म्हणाला, मिस्टर टूही, मी तुम्हाला ओळखत नाही ना, माझ्यापुढे तुमच्या शिक्षांच्या या दोनच ओळी आहेत. जे मला ओळखतात त्या एकशेबारा जणांना या दोन ओळींची फिकीर नाही. ज्याला फिकीर आहे तो मला ओळखत नाही. मी फोन ठेवला आणि रडलो. लिहून ठेवतो, कारण खरं आहे.

रूट आजपासून बंद. आई-बाप पाळीपाळीने मुलं नेणार आहेत. मी व्हॅन देऊ केली. फिडेल्मा खाली बघत म्हणाल्या, त्यालाही तोच फॉर्म लागतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार
सवयीने सात वाजता उठलो, जॅकेट चढवलं, निघालो. नऊ थांबे. कुठेही थांबलो नाही, नुसता गेलो. शेवटचा थांबा जेरच्या फाटकापाशी. तो अंगणात ट्रॅक्टरवर होता. मला बघून उतरला. हात किल्लीकडे गेला, मध्येच थांबला, आणि कोटाच्या खिशात रिकामाच शिरला. म्हणाला, चहा टाकतो, ये आत. आणि पाठ फिरवून गेला.

किल्ली तिथेच.

मला आत जाता येईना. आत्ता कुणी येऊन ट्रॅक्टर नेला तर नाव कुणाचं येईल? जेरच्या कुत्र्याशिवाय साक्षीदार नाही. मी ट्रॅक्टरपासून चार हात लांब, हात पाठीमागे बांधून, राखण करत उभा राहिलो. वीस मिनिटं. बोटं बधिर झाली. शेवटी जॅकेटच्या बाहीने धरून किल्ली काढली आणि आत नेऊन टेबलावर ठेवली.

चहा गार झाला होता. जेर म्हणाला, मुद्दाम ठेवली होती मी. नोरीन काल येऊन गेली, म्हणाली, एकदा तरी ठेवून बघा.

मी म्हणालो, नको, तुमच्याच खिशात बरी. त्याने ती उचलली आणि खिशात टाकली. दोघांनाही हायसं वाटलं.

घरी येऊन सातचा गजर बंद केला.