मुठीमागची पट्टी

बडोदे, खंडेनवमीचा आदला दिवस, १९९८. संध्याकाळ.

मुलाने, दिनकरने, माझ्या वडिलांचं विलायती पिस्तूल लहरीपुऱ्यातल्या दुकानदाराला देऊन नवं आणलं. दिसायला हुबेहूब जुनंच, फक्त जास्त चकाकतं. पण मुठीमागची पट्टी नाही. ती तळहाताने घट्ट आवळल्याशिवाय जुन्यातून गोळी सुटतच नसे. पट्टी का काढली असेल? हे हातातून पडलं तर?

उद्या ते पूजेत मांडायचं. दिनकर म्हणतो, शिपाईगड्यांचं घर आपलं, शस्त्र रिकामं पुजत नाहीत.

"गोळ्या काढ," म्हटलं.

"बाबा, नकामी चिंता करता. सेफ्टीचा खटका लावलाय ना!"

"खटका माणूस विसरतो. पट्टी विसरायची सोयच नव्हती."

"मग पट्टीचीच पूजा करा," म्हणून हसला.

स्वतः काढायला गेलो, तर कुठे दाबायचं कळेना. ठेवून दिलं.

कुंकू लावायचा मान सुनेचा. म्हणून सुलभाला सांगितलं, "उद्या कुंकू मी लावीन."

"अहो बाबा, ते बायकांचं काम!" ती हसली.

"असू दे. तू नळीसमोर यायचं नाहीस."

तिचं हसू थांबलं. तशीच आत दिनकरकडे गेली. "आधी गोळ्या काढा, नाहीतर उद्या मी पूजेला बसत नाही," हे मला इथवर ऐकू आलं.

आता पिस्तुलातून गोळ्यांची पेटी निघाल्याचा आवाज झाला. पण नळीत एक राहिली नसेल ना? विचारून येतो.