डॉक्टरांचं शून्य

रविवार, १८ मे. एडिनबरा

ते शून्य काही डोळ्यांपुढून जात नाही. डॉक्टर पटवर्धनांनी किती वळणदार काढलं होतं!

पाइनच्या झाडांच्या त्या पट्ट्यात आज आम्हा दोघांकडे पक्षी मोजायचा सर्व्हे होता. गोल्डक्रेस्ट तिथे आहे असं आमच्या नोंदीत दिसलं, तरच यंदाची झाडतोड थांबणार. आणि तो अंगठ्याएवढा पक्षी आमच्या डोक्यावरच गात होता. अगदी बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. म्हातारपणी तोच आधी ऐकू येईनासा होतो. मी बोट वर केलं.

"कुठे काय? काही नाहीये, सावंत. तुमच्या कानांत अजून हॉटेलातली कढई वाजतेय," म्हणत डॉक्टरांनी नोंदीच्या कागदावर गोल्डक्रेस्टपुढे शून्य काढलं.

वाजतेच! कढईच्या आवाजावरून तेल किती तापलंय ते सांगायचो मी, आणि त्या कानांवर दोन हॉटेलं उभी केली. हे गृहस्थ आयुष्यभर दुसऱ्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावत आले, पण स्वतःचे कान तपासून घ्यायची लाज वाटते. ह्यांना ऐकू आलं नाही, म्हणजे पक्षीच नाही! केवढा माज!

पण मी तरी काय केलं? "बरं, डॉक्टर," म्हणून हसलो आणि त्या शून्याखाली सही ठोकली. का? ते डॉक्टर आणि मी आचारी, म्हणून? अजूनही?

आत्ताच सर्व्हेवाल्यांना ईमेल केला. माझी सही रद्द समजा, गोल्डक्रेस्ट गात होता, धड कानांचं कुणीतरी पुन्हा पाठवा. प्रत डॉक्टरांना. आधी फोनच करणार होतो, पण त्यांना तोही ऐकू आला नसता.