बरोबरची खूण

३ मार्च, सोमवार

आज सकाळी साडेनऊ वाजता मी चारशे अकरा जिवंत जनावरं मारली!

बसल्या जागी, एका बोटाने. दवाखान्याच्या नव्या प्रोग्राममध्ये 'पाठवा' दाबलं आणि दहा मिनिटांत यादीतल्या प्रत्येक धडधाकट कुत्र्या-मांजराच्या मालकाला संदेश गेला — 'आपल्या लाडक्या अमुकच्या जाण्याने आम्हालाही दुःख झाले आहे.' आणि जी खरोखर गेलेली, त्यांच्या घरी — 'अमुकची लस बाकी आहे. ३१ तारखेला सकाळी घेऊन यावे.'

कुठून घेऊन यावे?

पहिला फोन एका वकिलाचा. त्याचा बोका त्या वेळी त्याच्या मांडीवर होता. "बाई, हा माझ्याकडे बघतोय. याला काय सांगू?" दुसरा एका शिक्षिकेचा. भरला वर्ग सोडून धावत घरी गेली बिचारी. तिसरा नुसता रडत होता. मग मागे त्याचा कुत्रा भुंकला, तसा रडायचा थांबून मला शिव्या द्यायला लागला. मी सगळ्या ऐकून घेतल्या. रास्त होत्या.

खवीस तपासणीच्या खोलीतून तरातरा बाहेर आला. (खवीस म्हणजे आमचे डॉक्टर. हे नाव या वहीबाहेर गेलं तर माझी खैर नाही.) म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्याने विचारलं काय, तर — "दुसऱ्या नंबरांवरही गेले का संदेश?"

गेले म्हटलं. एका नावापुढे दोन नंबर असले की दोन्हींवर जातात.

चेहरा पांढराफटक! अर्धं गाव रडतंय आणि याला दुसऱ्या नंबरांची पडलीय.

४ मार्च

चूक कुणाची ते सापडलं. माझी.

म्हणजे अठरा वर्षांपूर्वीची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक ससा गेला. मी वहीत त्याच्या नावावर लाल पेनाने सरळ फुली मारली. खवीसाने हातातलं पेन हिसकावलं. "माझ्या दवाखान्यात जनावराच्या नावावर फुली मारायची नाही. बरोबरची खूण करायची." का? "मी सांगतो म्हणून." त्याची सगळी कारणं ही एवढीच असतात. तेव्हापासून आमच्या वहीत ज्याच्यापुढे बरोबरची खूण, तो गेला. ज्याच्यापुढे काही नाही, तो आहे.

मागच्या महिन्यात ती वही नव्या प्रोग्राममध्ये चढवायला पोपट आला होता. प्रोग्राम त्याच्याच कंपनीचा. माणूस पन्नाशीचा, पण बोलतो ते सगळं पाठ केलेलं. त्याने विचारलं, "मॅडम, खूण आहे ती नावं चालू ना?" त्या वेळी माझ्या एका कानाला फोन होता आणि फोनवर एका बाईंचं कासव पलंगाखालून निघत नव्हतं. मी म्हटलं, "हो हो."

एवढाच माझा गुन्हा.

पोपट म्हणाला, "जगात सगळीकडे बरोबरची खूण म्हणजे चालूच असते मॅडम." मी म्हटलं, जग आमच्याकडे कामाला नाही.

त्याने आणखी एक सांगून ठेवलंय. ३१ तारखेला बरोबर दहा वाजता प्रोग्राम सगळी 'बंद' नावं आपोआप पुसणार. कायमची. फक्त ज्या नावाला संदेशाचं उत्तर आलं असेल ते नाव राहणार. म्हणजे तोवर कोण आहे आणि कोण नाही, हे नीट लागलंच पाहिजे. एखादा जिवंत 'बंद'मध्ये राहिला तर त्याच्या लशी, ऑपरेशनं, सगळं मातीत.

५ मार्च

पोपट दुरुस्तीला आला. "एका झटक्यात उलटं करतो." केलं. निम्म्यात अडकलं. म्हणून त्याने पुन्हा उलटं केलं. आता निम्मी यादी सुलटी आहे, निम्मी उलटी, आणि निम्मी म्हणजे कुठली निम्मी ते पोपटालाही माहीत नाही.

म्हटलं, जुनी वही काढा, तिच्यावरून लावू.

वही पोपटाने रद्दीत दिली. 'आता लागणार नाही' म्हणून. अठरा वर्षं! मी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा न पिता गेला.

७ मार्च

फोन करणे. दुसरा इलाज नाही. सहाशे चौदा नावं.

पण विचारायचं कसं? पहिल्याला सरळ विचारलं, "आपला टिपू आहे का?" माणूस घाबरला. "सकाळपर्यंत होता. का हो, काही कळलंय का?" दुसरीला जरा वळणाने — "मग, राणी काय म्हणते?" राणी चार वर्षांपूर्वी गेली. मीच पाणी दिलं होतं बाईंना त्या दिवशी. जीभ चावली, पण फोनवर ते दिसत नाही.

शेवटी युक्ती सापडली. "नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय," एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. बाकीचं लोक आपणहून सांगतात. एक आजोबा चाळीस मिनिटं बोलले, मेलेल्या मैनेबद्दल. ती त्यांच्या बायकोच्या आवाजात त्यांना हाक मारायची. बायको आधीच गेली होती. मैना गेल्यावर हाक बंद झाली. मला फोन ठेवता येईना.

खवीसाचा हुकूम — फक्त पहिल्या नंबरावर फोन करायचा. "दुसऱ्या नंबरांना हात लावायचा नाही." का? मी सांगतो म्हणून.

१३ मार्च, गुरुवार

खवीस दुपारी गायब. दर गुरुवारी दोन वाजता बॅग उचलतो आणि जातो. अठरा वर्षं. कुठे ते सांगत नाही. माझा अंदाज — पत्ते. जिंकत नसणार. येतो तेव्हा तोंड तसंच आंबट.

आज 'फ' संपलं. एक मांजर यादीत दोनदा सापडलं! एका घरी सोनी, मागच्या गल्लीत महाराणी. दोन्हीकडे जेवते, दोन्हीकडे लस टोचून घेते, आणि दोन्ही घरांना एकमेकांचा पत्ता नाही. मी काही बोलले नाही. दोन्ही नावं ठेवली. बाईचा संसार आपण कशाला मोडा!

१४ मार्च

'ब'.

मला माहीत होतं येणार म्हणून. सकाळपासून उगाच कपाटं पुसत होते.

बंडू. पहिला नंबर — माझाच.

३ तारखेला तो संदेश मलाही आला होता. वकिलाशी बोलत असताना फोनवर उजळला. 'बंडूची लस बाकी आहे.' त्या दिवशी इथे लिहिलं नाही. आज लिहिते.

बंडू आईचा कुत्रा. डावा कान फाटका, रंग ओल्या पोत्यासारखा. आई गेली आणि त्याने खाणं सोडलं. घरात कुणाला जवळ येऊ देईना. पुतण्याच्या हाताला दात लावले. दादा म्हणाला, "हा घरात नको. तू काय ते बघ." मी भाड्याच्या खोलीत, मालकिणीला जनावर चालत नाही. पंधरा दिवस लोकांना विचारलं. सात वर्षांचा, चावका, फाटक्या कानाचा — कोण घेणार? मग एका सकाळी त्याला कामावर घेऊन आले आणि खवीसाला म्हटलं, याला झोपवा.

त्याने बंडूकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही घरी जा. आज सुट्टी घ्या."

मी गेले. थांबायला हवं होतं. नाही थांबले. दुसऱ्या दिवशी आले तर खवीस म्हणाला, "झालं. खूण करा." मी केली. खूण वाकडी आली. दोन वर्षं झाली. तो जाताना एकटा होता आणि मी बस पकडत होते. हे काही जात नाही मनातून.

'बंद' केलं. पुढे गेले.

१५ मार्च

'भ'. भराभर.

२१ मार्च

वकिलाचा बोका आला, पोट बिघडलं म्हणून. वकील सगळ्यांना सांगत होता, "हे आमचे कैलासवासी." बोक्याने मला बोचकारलं. बहुतेक वाचता येत असावं त्याला.

२८ मार्च

यादी झाली! चारशे अकरा चालू, दोनशे तीन बंद. एकाही जिवंताला मेलेला लिहिला नाही. घसा बसलाय, कान गरम. खवीसाला दाखवली. 'छान' म्हणेल तर तो खवीस कसला. म्हणाला, "बंदमधलं एकही नाव पुसायचं नाही."

मी म्हटलं, मी नाही पुसत, प्रोग्राम पुसतो, सोमवारी दहाला. उत्तर आलेलं नाव तेवढं राहील.

"मग पोपटाला सांगा थांबवायला."

पोपटाला फोन केला. "मॅडम, ते सिस्टिममध्येच आहे." म्हणजे येत नाही.

खवीस खोलीत फेऱ्या घालायला लागला. बघवेना. मग विचारलंच, गेलेल्या जनावरांची नावं ठेवून करायचं काय? तो म्हणाला, "बाई, प्रत्येक गोष्ट विचारायची नसते." आणि दार लावून घेतलं.

खरं सांगायचं तर मलाही ती पुसली जायला नको आहेत. दोनशे तीन नव्हे, एक. आईचं घर दादाने रिकामं केलं, भांडी वाटली, बंडूची ताटली कुठे गेली देव जाणे. बंडूचं नाव आता या यादीत आहे, आणखी कुठेच नाही.

२९ मार्च, शनिवार

वेडेपणा केला.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी माझ्याच फोनवरून त्या संदेशाला उत्तर दिलं. 'हो, आणते.' मेलेल्या कुत्र्याची लस घ्यायला! या वयात! पण उत्तर आलं की नाव राहतं. नियम पोपटाचा, मी फक्त पाळला.

मग प्रोग्राम उघडून बघितलं, पोचलं का. बंडूच्या नावापुढे उत्तरं — दोन.

दोन?

एक माझं. दुसरं ३ तारखेचंच, दुसऱ्या नंबरावरून. 'बरं, घेऊन येते.' तो नंबर मी कधी लिहिला नव्हता. कुणी लिहिला? सगळी 'बंद' नावं खाली-वर करून बघितली. एकोणीस मेलेल्यांची उत्तरं आलीत. 'येतो.' 'चालेल.' 'थोडा उशीर झाला तर चालेल का?'

कपाळावर हात मारला. पोपटाने नंबरांचीही खिचडी करून ठेवलीय. सोमवारी एकोणीस परकी माणसं येऊन भांडणार, आणि समोर बसणार मी.

३१ मार्च, सोमवार

नऊ वाजता दाराबाहेर रांग. बारा कुत्री, सहा मांजरं, एक बकरी. एकेकाचं नाव विचारून प्रोग्राममध्ये बघितलं. सगळी मेलेली.

"एरवी डॉक्टरच येतात गुरुवारी घरी," बकरीवाला म्हणाला. "या खेपेला इथे बोलावलं."

खवीस दारात उभा. खाली मान घालून. "झोपवायला आणलेली, पण धडधाकट जनावरं होती, बाई. हाताने होत नाही ते. मालकाला सांगितलं तर तो परत न्यायला यायचा आणि पुन्हा तेच. म्हणून कुणालाच—"

रांगेत शेवटी एक म्हातारी बाई. दोरीच्या टोकाला ओल्या पोत्याचा रंग, तोंड पांढरं झालेलं, डावा कान फाटका.

मी भर दवाखान्यात खवीसावर ओरडले. दोन वर्षं! दोन वर्षं तुम्ही मला रोज समोर बघत होतात! मग ओरडणं रडण्यात गेलं आणि बंडू उठून आला. माझ्या चपला हुंगल्या, बराच वेळ. मग आईच्या पायांवर बसायचा तसा माझ्या पायांवर बसला. जडच्या जड.

दहाला चार मिनिटं होती. पाय न हलवता हात लांब केला आणि बंडूच्या नावापुढे बरोबरची खूण केली. जगात सगळीकडे तिचा जो अर्थ होतो, त्या अर्थाने.