इंजिलाचं पान

लोणावळा,
ता. ११ डिसेंबर १९३८

अल्लाउद्दीनला थोरल्या भावाचा, हमीदचा सलाम आणि दुवा.

आमी हितं बरे आहोत. माझ्या पोरीचा, नसीमचा खोकला उतरलाय. तू कल्याणात खुशालच असशील. सात वर्षांत एक कार्ड टाकलं न्हाईस, बोटं झिजली असती का रे? पण ज्या घरानं चोर म्हटलं तितं तू कशाला लिहिशील म्हणा.

पाद्री साहेब वैशाखात कायमचे विलायतेला गेले. जाताना त्या पानासाठी म्हातारा रडला. तळहाताएवढं पान ते! मिसरातल्या लव्हाळ्याच्या कागदावर युनानी अक्षरं, साहेबाच्या बायबलातलं सतराशे वर्षांचं इंजिल. त्या दिवशी तू काच पुसायला चौकटीतून पान बाहेर काढलंस, साहेबानं हाक मारली म्हणून गेलास, परत येतोस तर पान गायब. तुला सहा महिन्यांची सजा झाली.

तू चोरलं न्हाईस. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

अम्मा अंडी द्यायला बंगल्यावर आलेली. पान वाऱ्यानं जमिनीवर पडलेलं. ते ईसा नबीचं कलाम आहे, हे मीच तिला कधी तरी सांगितलेलं. फाटकं कलाम पायदळी जाऊ नये म्हणून तिनं ते डोळ्यांना लावलं, धुतल्या फडक्यात दगडासकट बांधलं आणि भुशीच्या पाण्यात सोडलं. आपल्यात कुराणाच्या फाटक्या पानांचं करतात तसंच. मला म्हणाली, "साहेबाला सांग, लय अदबीनं थंड केलं." तोवर फौजदारानं तुला नेलं होतं.

त्या पानापायीच तुला धरलंय हे कळतं तर ती तडक चौकीवर गेली असती. म्हणून मी तिला सांगितलं, अल्लाउद्दीननं साहेबाचं सोन्याचं घड्याळ लांबवलं. व्हय, मीच सांगितलं! अम्माला वाचवलं असं मनाला सांगत वर्षं काढली. पण तुझ्या जागी खानसामा मी झालो, आणि ती जागा मला सोडवली न्हाई. थू माझ्या जिंदगीवर!

आता उरलेलं लिहितो. परवा जुम्म्याला अम्मा गेली.

आदल्या दिवशी मला जवळ घेऊन विचारलं, "त्यानं घड्याळ परत दिलं का रे? दिलं असलं तर बोलाव त्याला. एकदा बघते."

'व्हय' म्हटलं असतं तर तू आला असतास. तिच्या उशाशी बसून खरं बोलला असतास, आणि तिनं माझ्याकडं बघितलं असतं. तेवढ्याची मला भीती वाटली. मी म्हटलं, "न्हाई, अम्मा."

"मग माझ्या मातीला त्याचा हात लागू देऊ नको," म्हणाली.

म्हणून तार केली न्हाई. तिला मूठमाती देऊन आलो. तुझ्या वाट्याचीबी मीच टाकली.

हमीद